गोष्ट माझी, कोंबडी तिची

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका तळकोकणातल्या एका गावच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेली एक गमतीदार गोष्ट त्यांनी आता लिहून काढली आहे. रात्री हिंडणारं साळिंदर आणि दिवसा उड्या मारणारं माकड, दोघांचा डोळा एकाच फणसावर. माकड झाडावर चढतं, पण त्याला फणस फोडता येत नाही. साळिंदराचे दात धारदार, पण झाडावर चढण्याच्या नावाने बोंब. भांडत, फसत, चिकात चिकटत शेवटी दोघं मिळून फणस खातात. गरे माकडाला, आठळ्या साळिंदराला. एक छोटे प्रकाशक याचं २४ पानी चित्रपुस्तक करायला तयार आहेत. चित्रं काढते आहे बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, जी आता पुण्यात चित्रकार आहे. तिने बाईंच्या १४०० शब्दांतले हजारेक शब्द खोडले, शेवटी उपदेश करणारे कासव आजोबा काढून टाकले आणि गोष्टीत नसलेली एक कोंबडी पानोपानी घुसवली. ‘माझ्या हाताखाली अक्षरं गिरवलेली मुलगी आता माझंच लेखन तपासते आहे,’ असं बाई लिहितात. गोष्ट परत घ्यावी, दुसरा चित्रकार शोधावा, की मुकाट्याने मान डोलवावी, असं त्यांनी विचारलं आहे. ‘मिळून काम करण्यावरचं पुस्तक काढायला निघालो आणि आमचंच जमत नाही, हे कुणाला सांगायचीही लाज वाटते,’ हे पत्रातलं शेवटचं वाक्य.

बाई,

लाज कसली? दोन माणसांनी मिळून एक पुस्तक करायचं म्हटलं की खटके उडतातच, मग ते पुस्तक मैत्रीवरचं असो नाहीतर फणसावरचं. तुम्ही पत्रासोबत तुमचा खर्डा, तिने खोडलेली पानं आणि कच्च्या रेखाटनांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. नाहीतर मी इथे बसून नुसतं ‘समजून घ्या’ म्हणाले असते. तुम्ही साळिंदर आणि ती माकड, असं म्हणायचा मोह मी आवरते आहे. म्हटलं तर तुम्हां दोघींचं पहिल्यांदा एकमत होईल, आणि ते माझ्याविरुद्ध होईल.

आधी पान आठ-नऊ उघडा. तुमचं लेखन असं आहे: ‘तिन्हीसांजेच्या अंधारात चाचपडता चाचपडता माकडाच्या हाताला काहीतरी गोल आणि काटेरी लागलं. त्याला वाटलं, हाच तो फणस! पण तो फणस नव्हताच मुळी. ते तर गाढ झोपलेलं साळिंदर होतं!’ तिने यातलं सगळं खोडून एकच वाक्य ठेवलं आहे: ‘माकडाला फणस सापडला.’ आणि चित्रात माकडाने मोठ्या ऐटीत मिठी मारली आहे ती साळिंदराला.

तुम्हाला यात तुमची चार वाक्यं गेलेली दिसतात. मला दिसतं ते असं की पुस्तक उघडून बसलेलं पाच वर्षांचं पोर इथे किंचाळणार आहे, ‘अगं तो फणस नाहीये!’ माकडाला ठाऊक नाही, वाचून दाखवणाऱ्या आजीलाही जणू ठाऊक नाही, आणि आपल्याला मात्र कळलंय. ज्या पोराला दिवसभर सगळे काही ना काही शिकवत असतात, त्याला अख्ख्या पुस्तकात शहाणं होण्याची ही एक संधी मिळते. तुमची चार वाक्यं वाचली की ती संधी जाते, कारण ‘ते साळिंदर होतं’ हे त्याच्या आधी तुम्हीच सांगून टाकता. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच दाखवतं, आणि गंमत या दोहोंच्या मधल्या फटीत असते. ती फट राखायची तर दोघांनीही थोडं थोडं गिळावं लागतं. इथे तिचं बरोबर आहे, बाई. नि:संशय बरोबर आहे.

मग तुमचे १४०० शब्द फुकट गेले का? वर्गात ही गोष्ट तुम्ही कशी सांगत होता ते आठवा. हात पसरून फणस केवढा ते दाखवत असाल, चिकात बोटं अडकल्याचा अभिनय करत असाल, साळिंदर आलं की आवाज खाली नेत असाल. कागदावर हात नाहीत, डोळे नाहीत, म्हणून तुम्ही त्यांच्या जागी शब्द घातलेत. ‘माकडाचं तोंड एवढंसं झालं’ हे वर्गात तुम्ही कधी बोलला असाल असं मला वाटत नाही. तुम्ही ते तोंड करून दाखवत असाल. ते तोंड आता ती काढते आहे. तिने खोडलेल्या वाक्यांवरून एकदा हात फिरवा: चेहऱ्याची, रंगाची, अंधाराची, कोण कुठे उभं आहे याची वाक्यं त्यात जास्त आहेत. साळिंदराचं ‘मी रागावलेलो नाही, माझे केसच असे आहेत’ हे वाक्य तिने ठेवलंय. माकडाचं ‘तू अंग आवर, मी जीभ आवरतो’ हेही ठेवलंय. म्हणजे जे फक्त शब्दच करू शकतात, ते तिने जपलं आहे.

थोडा हिशेबही करू. चित्रपुस्तकांची पानं २४ किंवा ३२ असतात त्यामागे छपाईचं गणित आहे. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी पानं छापून तो दुमडतात, म्हणून पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत येतात. त्या २४ मधून शीर्षकाचं पान आणि श्रेयनामावली वजा केली की हातात दहा-अकरा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. १४०० भागिले ११ म्हणजे प्रत्येक जोडपानावर सव्वाशेच्या वर शब्द. एवढ्या मजकुराखाली फणसाचं झाड कुठे उभं करायचं?

पण इथे मी तुम्हाला एक प्रश्न विचारते, कारण तो तुम्ही दोघींनी एकमेकींना विचारलेला दिसत नाही. हे पुस्तक कुणासाठी? स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं २०१५ पासूनचं मोफत संकेतस्थळ आहे. त्यावर मराठी चित्रपुस्तकं भरपूर आहेत. तिथे गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या असतात. ढोबळमानाने पहिल्या पातळीत २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६०० पर्यंत आणि तिसरीत १५०० पर्यंत. त्या मोजमापाने तुमची मूळ गोष्ट तिसऱ्या पातळीची आहे, म्हणजे आपापलं वाचू लागलेल्या तिसरी-चौथीच्या मुलाची. तिची चित्रं मात्र मांडीवर बसून ऐकणाऱ्या पोरासाठी आहेत. तुमचं भांडण शब्दांच्या संख्येवरून चाललंय असं वाटतं, पण तुम्ही दोघी दोन वेगळ्या मुलांसाठी काम करता आहात. ते एकदा ठरलं की निम्म्या खाडाखोडीचा निकाल आपोआप लागेल. आणि मांडीवरचं पोर ठरलं, तर मूळ मोठी गोष्ट फाडून टाकू नका. ‘किशोर’सारख्या मुलांच्या मासिकाला ती चालण्याजोगी आहे, फक्त प्रकाशकांच्या करारात तशी मुभा ठेवून घ्या.

आता कासव आजोबा. तुम्ही लिहिता, ‘विनोद ही गोळीवरची साखर, पण आत गोळी हवी ना?’ बाई, मला हा समजच तपासून पाहावासा वाटतो. तुमच्या गोष्टीत औषध वेगळं आणि साखर वेगळी नाहीच. माकड दिवसा जागं, साळिंदर रात्री. दोघांची गाठ पडू शकते ती फक्त तिन्हीसांजेला, तेवढ्या अर्ध्या तासात. ते एकमेकांवर डाफरण्यात घालवलं तर फणस उद्यावर. हे तिसऱ्यांदा घडल्यावर साळिंदर न बोलता पाठ वळवून बसतं ते रुसून, आणि माकडाला वाटतं की हा आपल्याला जागा करून देतोय! गैरसमजातून पहिला समजूतदारपणा येतो, ही तुमच्या गोष्टीतली मला सगळ्यांत आवडलेली जागा. आणि शेवटी झाडाखाली दोन ढीग, एकाला जे टाकायचं तेच दुसऱ्याला हवंय. यानंतर कासव येऊन ‘मुलांनो, एकीचं बळ मोठं असतं’ म्हणतं, तेव्हा पोरं पुस्तक मिटून गेलेली असतात. वर्गातही शेवटच्या त्या दोन मिनिटांत कोण कुठे बघत असायचं, ते तुम्हालाच जास्त माहीत.

तुम्ही मला पंचतंत्राचा दाखला द्याल, तिथे पानोपानी सुभाषितं आहेत म्हणून. आहेत खरी. पण विष्णुशर्म्याला तीन राजपुत्रांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायची होती, ते क्लासच होते एक प्रकारचे. आणि त्यातलं मित्रसंप्राप्ती हे दुसरं तंत्रच पाहा. कावळा मैत्री मागायला उंदराच्या बिळाशी येतो, तेव्हा उंदीर आतूनच सुनावतो की तू खाणारा आणि मी तुझं खाणं, आपली कसली मैत्री? पुढे कासव पारध्याच्या हाती सापडतं तेव्हा हरीण पाण्याकाठी मेल्याचं सोंग घेऊन पडतं, कावळा त्याच्या डोळ्यांना टोचा मारल्यासारखं करतो, पारधी कासव टाकून हरणाकडे धावतो आणि उंदीर दोरी कुरतडतो. इतक्या शतकांनंतर लोकांना त्यातलं आठवतं काय? हरणाचं सोंग आणि उंदराचे दात. सुभाषितं परीक्षेपुरती.

तरी कासव तुमचं लाडकं आहे, हे पत्रावरून कळतं. तर माझी एक लुडबूड, आवडली तर घ्या. कासव आजोबांना पहिल्या पानापासून चालायला लावा. प्रत्येक जोडपानावर ते थोडं थोडं पुढे सरकताहेत, तोंडावर काहीतरी मोठं सांगायला निघाल्याचा भाव. शेवटच्या पानावर ते पोचतात, घसा खाकरतात, आणि फणस संपलेला असतो. त्यांच्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. कासव तुमचं राहील, आणि तिला पानोपानी चित्रातली खोडी मिळेल.

कोंबडीच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे कुणाच्याच बाजूने नाही. लिहिलेल्या गोष्टीत नसलेलं चित्रकाराने घालावं का? घालावं, त्यासाठीच चित्रकार असतो. पुस्तक दहाव्यांदा वाचताना मुलं तेच शोधत बसतात. पण पान आठ-नऊवर ती कोंबडी पंख फडफडवत थेट मधे आली आहे. जिथे सगळ्यात मोठा विनोद आहे तिथे डोळा कोंबडीकडे जातो, तेव्हा त्या पानावरून तिला हलवायला सांगा. शिवाय ‘तिन्हीसांजेनंतर कोंबडी जागी कशी?’ हा तुमचा आक्षेप एकदम रास्त. पुण्यात राहून ती विसरली असेल. मी तिच्या जागी असते तर कोंबडी झोपलेलीच काढली असती, पण प्रत्येक पानावर वेगळ्या ठिकाणी: फांदीवर, घमेल्यात, एकदा चक्क कासवाच्या पाठीवर.

चित्रांबद्दलच्या तुमच्या बाकीच्या तक्रारी पाहिल्या. त्यांतल्या दोन तुम्ही अजिबात सोडू नका. एक, तिने फणस आंब्यासारखे फांदीच्या टोकाला लोंबवले आहेत. फणस खोडाला आणि जाड फांद्यांना धरतो, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि पुस्तक तुमच्याच शाळेत आलं तर तुमचीच टर उडवेल. यात गोष्टीचाही प्रश्न आहे. फणस बुंध्याशी धरला तर साळिंदराला माकडाची गरजच काय? म्हणून तो वरच्या जाड फांदीच्या बेचक्यात हवा, आणि तसा तुम्ही लिहिलाही आहे. दोन, साळिंदर. तिने काढलेला तो मुठीएवढा गोंडस गोळा आपल्याकडचं साळिंदर नव्हे. परदेशी चित्रांतला काटेवाला उंदीर उतरलाय तो. आपलं साळिंदर अकरा ते अठरा किलोंचं धूड, पाठीवर काळे-पांढरे लांब काटे. ते तसं काढलं की ‘फणस’ म्हणून त्याला उचलताना माकडाचे पाय लटपटतील, आणि विनोद दुप्पट होईल. खऱ्या मापाने चित्र जास्त हसवतं, हे तिला तक्रार म्हणून नव्हे, चित्राची सूचना म्हणून सांगा.

पण तुमच्याही एका वाक्याला तिने काट मारली आहे, ‘साळिंदराने सपासप काटे फेकून मारले.’ ती काट तिला मारू द्या. साळिंदर काटे फेकत नाही. ते काटे फुलवून मागे मागे येतं, आणि जो धडकेल त्याच्या अंगात ते सुटून राहतात. त्याआधी शेपटीचे पोकळ काटे हलवून खळखळ आवाज करून बजावतं. तो आवाज घ्या की! मोठ्याने वाचताना वर्गातली सगळी पोरं तो काढतील.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येते. गोष्ट परत घेता येईल. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने मजकुराचा हक्क तुमचा, चित्रांचा सहसा तिचा. दोन्ही आपापल्या जागी, आणि दोघींच्याही पश्चात ६० वर्षं. म्हणजे तुम्ही बाहेर पडलात तर गोष्ट तुमच्यासोबत येईल, पण तिची रेखाटनं, पानांची मांडणी, ती कोंबडी यांतलं काही दुसऱ्या चित्रकाराला ‘असंच काढून दे’ म्हणून देता येणार नाही. तिलाही तुमची गोष्ट वापरता येणार नाही. प्रकाशकांशी कागद झाला असेल तर आधी तो वाचा. आणि आठ-नऊ सारखं पान पुन्हा मिळेलच, याचा भरवसा मी देणार नाही. मुकाट्याने मान डोलवणं तर सगळ्यात वाईट. तुमचा फणसही फांदीच्या टोकाला लोंबेल आणि तुमचं मनही.

मला खटकतंय ते वेगळंच. या सगळ्यात प्रकाशक कुठे आहेत? पुष्कळ ठिकाणी लेखक आणि चित्रकार यांची गाठही पडत नाही. मधे संपादक असतो, दोघांचं ऐकतो आणि दोघांनाही थोडं नाराज करतो. तुमच्याकडे तो माणूसच नाही, म्हणून खोडण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. तुमच्यासमोर आजही ‘बाई’ म्हणून उभी राहणारी मुलगी, ती तोंडावर ‘हे वाक्य नको’ कशी म्हणेल? तिने लाल पेन चालवलं आणि कारण लिहिलं नाही, यात मला उद्धटपणा कमी आणि भीड जास्त दिसते. प्रकाशकांना सांगा की एका बैठकीला त्यांनी बसावं, नाहीतर दोघींना मान्य असा तिसरा माणूस बसवावा. ज्यांना चित्रकार स्वतःच शोधावा लागतो, त्या बाकीच्या लिहिणाऱ्यांनीही हे काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावं: शेवटचा शब्द कुणाचा?

बैठकीआधी एक काम करा. ए-फोरचे सहा कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घाला आणि कण्यावर पिना मारा. २४ पानांची वही तयार होते. तुमचा मजकूर कात्रीने कापून त्यात चिकटवा. तुमचा पूर्ण मजकूर एका वहीत, तिने राखलेला दुसऱ्या वहीत, आणि चित्रांच्या जागी तिच्या रेखाटनांच्या झेरॉक्स. मग दोन्ही वह्या अंगणवाडीत किंवा शेजारच्या पोरांसमोर मोठ्याने वाचा. वाचताना मुलं कुठे मधे बोलतात, कुठे पान उलटायची घाई करतात, कुठे चुळबुळतात, एवढंच मार्जिनमध्ये टिपा. ‘काय शिकलात?’ हा प्रश्न, बाई, कृपा करून विचारायचा नाही. उत्तर ‘मिळूनमिसळून राहावं’ असंच येईल, कारण तुम्हाला काय ऐकायचं असतं ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

त्या टिपा घेऊन तिच्याशी बसा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. प्रत्येक खोडलेल्या वाक्यावर तिला ‘का?’ विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. मास्तरकीची सवय आडवी येईल, पण थांबा. चार-दोन गोष्टी तुम्ही हटून राखा. मला विचाराल तर फणसाची जागा, साळिंदराचं रूप आणि दोन ढीग. तितक्याच तिलाही राखू द्या. बाकी सगळं वहीत काय घडलं त्यावर सोडा.

पैशांचं आणि नावाचं त्याच दिवशी लिहून घ्या. मुखपृष्ठावर दोघींची नावं सारख्याच आकारात. चित्रपुस्तकात चित्रकाराचं नाव आतल्या पानावर बारीक छापण्याची आपल्याकडची जुनी खोड आता पुरे. मानधन दोन्ही तऱ्हांनी देतात, चित्रकाराला एकरकमी किंवा रॉयल्टी दोघींत वाटून. कोणतं ते तिलाच विचारा, महिनोन्‌महिने काम तिचं चालणार आहे. करारात मुदत आणि प्रदेश लिहिलेला आहे का तेही पाहा. मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर भारत, त्यामुळे पुढे परदेशातल्या मराठी शाळांसाठी प्रती हव्या असल्या तर तो वेगळा बोलण्याचा विषय होईल. कासवाचं काय ठरलं ते कळवा.